काळ्या जमिनीतील सदाहरित फुलझुडपे : खानदेशातील बागेसाठी

खानदेशात वैशाखात एखादे फुलझुडूप वाळले की दोष उन्हाला दिला जातो. ऊन कडक असते हे खरेच. जळगाव, भुसावळ, रावेर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारच्या झळा रात्री उशिरापर्यंत भिंतींतून जाणवत राहतात. तरीही कण्हेर, तगर, जास्वंद, बोगनवेल ही उष्ण हवेचीच झाडे असून केवळ उन्हाने ती सहसा मरत नाहीत. बहुतेक वेळा त्यांचे मरण श्रावणातच ठरलेले असते. भारी काळ्या जमिनीत आठ-पंधरा दिवस पाणी साचून राहिले की तळाची मुळे कुजतात. वर पाने हिरवीच दिसत असल्याने ते कोणाच्या लक्षात येत नाही, हिवाळ्यात पाण्याची गरज कमी असल्याने उरलेल्या मुळांवर झाडाचे भागते आणि चैत्र लागून पानांची मागणी वाढली की तेवढी मुळे पुरी पडत नाहीत. म्हणून येथील बागेत उन्हाळ्याची तयारी म्हणजे मुख्यतः पावसाच्या पाण्याला वाट करून देणे, हे आधी ध्यानात घ्यावे.

जमीन ओळखणे

सगळ्या खानदेशाची जमीन एकसारखी नाही. तापीच्या उत्तर काठाकडे चोपडा, यावल, रावेर, शहादा या भागांत खोल, भारी काळी जमीन आहे, तर साक्रीच्या बाजूला आणि सातपुड्याच्या पायथ्याशी अनेक ठिकाणी हातभर खणले की मुरूम लागतो. मुरमाड जमिनीत पाण्याचा निचरा आपोआप होतो. तेथे प्रश्न ओल टिकवण्याचा असतो आणि तो शेणखत व आच्छादन यांनी बराचसा सुटतो. काळ्या जमिनीचे मात्र तसे नाही. तिच्यातील चिकणमाती पाणी मिळाले की फुगते आणि वाळली की आक्रसते. पावसाळ्यात तिच्यात हवा राहत नाही, आणि उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगा बारीक मुळे तोडून टाकतात. शहरातील प्लॉटवर आणखी एक अडचण असते. बांधकामाच्या वेळी उरलेला विटांचा चुरा, सिमेंटमिश्रित माती आणि बाहेरून आणलेला भराव यांचा थर वर असतो आणि खरी जमीन त्याखाली दडलेली असते. असा थर झुडपाच्या जागेपुरता तरी काढून टाकावा.

जागा नक्की करण्यापूर्वी दोन सोप्या चाचण्या कराव्यात. दीड फूट खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, ते पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळचे पाणी किती वेळात उतरते ते पाहावे. चोवीस तासांनंतरही तळाशी पाणी उभे असेल, तर तेथे सपाट जमिनीत झुडूप लावू नये. दुसरी चाचणी चुनखडीची. कोरड्या मातीच्या ढेकळावर किंवा त्यातील पांढऱ्या खड्यांवर स्वयंपाकघरातील व्हिनेगर टाकल्यास फेस येत असेल, तर त्या जमिनीत चुना भरपूर आहे असे समजावे. अशा जमिनीत अनंत आणि एक्झोरा ही झाडे पुढे त्रास देणार, हे तेव्हाच कळून येते. जमीन चोपण असल्याची, म्हणजे पाऊस पडून गेल्यावर वर कडक पापुद्रा धरत असल्याची शंका आली, तर मातीचा नमुना तपासून घ्यावा आणि अहवाल पाहूनच जिप्सम घालावे. चुनखडीच्या पण चोपण नसलेल्या जमिनीत जिप्सम घालून काही साधत नाही, कारण तेथे चुना आधीच गरजेपेक्षा जास्त असतो.

कोठे काय लावावे

रोपवाटिकेत जाऊन फूल आवडले म्हणून झाड आणायचे आणि मग जागा शोधायची, हा क्रम उलटा केला पाहिजे. खानदेशातील घराच्या चार दिशा म्हणजे जवळजवळ चार वेगळी हवामाने आहेत. पश्चिमेची भिंत दुपारपासून तापते आणि रात्री उष्णता परत फेकते. उन्हाळ्यातील कोरडा वाराही बहुधा याच बाजूने येतो. पूर्वेला सकाळचे कोवळे ऊन मिळून दुपारनंतर सावली असते. उत्तरेकडे हिवाळ्यात ऊन फारच थोडे येते.

पश्चिम आणि दक्षिणेच्या बाजूंना कण्हेर, बोगनवेल, टिकोमा आणि अडुळसा ही झाडे निर्धास्तपणे लावावीत. यांपैकी कण्हेर हे माझ्या मते खानदेशासाठी सर्वांत विश्वासू फुलझुडूप आहे. त्याची जाड, चिवट पाने पाण्याचा व्यय कमी करतात, क्षार असलेले बोअरचे पाणी ते सहन करते आणि शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. महामार्गांच्या दुभाजकांवर ते इतक्या वेळा दिसते त्याचे कारण हेच आहे. परंतु कण्हेरीचा प्रत्येक भाग, म्हणजे पान, फूल, खोड आणि चीकसुद्धा, माणसाला आणि जनावराला विषारी असतो. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, ती तितकीच घातक असून तिच्या बिया लहान मुले खेळायला घेतात. म्हणून गोठ्याजवळ, वैरण टाकण्याच्या जागेजवळ आणि लहान मुलांच्या अंगणात ही दोन्ही झाडे लावू नयेत. छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकू नयेत, कारण कोमेजलेली पानेही विषारीच राहतात. त्या जाळूही नयेत, कारण धूर बाधतो. खोल खड्ड्यात पुराव्यात.

अडुळशाला फूलझाड म्हणावे की नाही यावर मतभेद होतील, पण हिवाळ्यात येणारी त्याची पांढरी फुले मधमाश्यांना फार आवडतात आणि शेळीही ज्याला तोंड लावत नाही असे हे झाड उघड्या प्लॉटच्या कडेला उत्तम कुंपण ठरते.

पूर्वेच्या बाजूला तगर, जास्वंद, एक्झोरा, अनंत आणि कुंती यांना जागा द्यावी. तगर दुपारचे ऊनही सोसते, पण पूर्वेला तिची पाने अधिक तुकतुकीत राहतात. जास्वंदीच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मोठ्या फुलांच्या, दोन-तीन रंगांच्या संकरित जाती रोपवाटिकेत पाहताना मोह होतो, परंतु त्यांतील बहुतेक जाती आपल्या मे महिन्यात कळ्या गाळतात आणि दोन-तीन वर्षांत खंगतात. साधी तांबडी, पाच पाकळ्यांची देशी जास्वंद मात्र वर्षाचा बहुतेक काळ पूजेला फुले पुरवते. संकरित जास्वंद हवीच असेल, तर ती कुंडीत लावून उन्हाळ्यात सावलीत हलवता येईल अशी ठेवावी.

कुंतीची पांढरी, सुगंधी फुले आणि गर्द पाने पाहता तिच्यासारखे कुंपण दुसरे नाही. मात्र लिंबू-मोसंबीवर येणारी सिट्रस सायला ही कीड कुंतीवर आनंदाने वाढते आणि हीच कीड लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग हा असाध्य रोग पसरवते. म्हणून ज्यांच्या बांधाला किंवा शेजारच्या शेतात लिंबाची अथवा मोसंबीची बाग असेल त्यांनी कुंती लावू नये. उत्तरेकडील जागेत अबोली आणि रातराणी चालतात. घाणेरी कितीही रंगीबेरंगी दिसली तरी लावू नये. पक्षी तिची फळे खाऊन बिया दूरवर टाकतात आणि ती रानातील गवत व स्थानिक झाडोरा दाबून टाकते.

खड्डा आणि लागवड

खड्डे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास खणावेत, म्हणजे त्यांना महिनाभर ऊन मिळते आणि मातीतील हुमणी, अंडी व बुरशी बरीच कमी होते. मध्यम झुडपासाठी दीड फूट लांब, रुंद आणि खोल एवढा खड्डा पुरतो. बोगनवेल आणि टिकोमा यांना दोन फुटांचा द्यावा. खणताना वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला ठेवावी.

भरण्याच्या बाबतीत सर्वत्र ऐकू येणारा सल्ला असा असतो की खड्डा भरपूर शेणखत आणि वाळू घालून भुसभुशीत करावा. मुरमाड जमिनीत तो योग्य आहे. भारी काळ्या जमिनीत मात्र तो घात करतो. चहूबाजूंनी चिकण माती आणि मध्ये भुसभुशीत भरण अशी स्थिती झाली की आजूबाजूचे पावसाचे पाणी झिरपून त्या खड्ड्यात गोळा होते आणि तो खड्डा हौदासारखा भरून राहतो. म्हणून काळ्या जमिनीत वरच्या थरातील तीच माती वापरावी. तिच्यात तीन-चार घमेली चांगले कुजलेले शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळावी, आणि भरणी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ८ ते १० इंच उंच करून तीन फूट रुंदीचा उंचवटा तयार करावा. निचऱ्याची चाचणी ज्या जागेत नापास झाली असेल तेथे दीड फूट उंचीचा वरंबा घालून झुडपे ओळीने त्यावर लावावीत आणि वरंब्याच्या कडेने पाणी वाहून जाण्यासाठी चर काढावा. वरंब्याची माती पहिल्या पावसात खचते, त्यामुळे ती जुलैअखेर पुन्हा चढवावी लागते. नवीन लागवड केलेल्या बऱ्याच बागांत हेच काम राहून जाते.

लागवडीची वेळ मृगाच्या पहिल्या सरीची नव्हे. पहिल्या सरीनंतर खानदेशात पुष्कळदा पावसाचा मोठा खंड पडतो आणि त्या मधल्या दिवसांतील ऊन मेपेक्षा फारसे सौम्य नसते. आर्द्रा नक्षत्रात, साधारण जूनच्या अखेरीस, जमीन वीतभर खोल ओली झाल्यावर रोपे लावावीत. पाण्याची हमी असेल तर पोळ्यानंतर, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ अनंत आणि एक्झोरा यांसारख्या नाजूक झाडांना अधिक मानवतो, कारण तोवर जोराचा पाऊस ओसरलेला असतो आणि मुळे धरायला थंडीपूर्वी दोन महिने मिळतात.

रोपवाटिकेतील बहुतेक रोपे पिशवीत लाल मातीत वाढवलेली असतात. ही लाल मातीची गड्डी जशीच्या तशी काळ्या जमिनीत बसवली, तर दोन्ही माती एकजीव होत नाहीत. काळी माती आक्रसली की दोहोंमध्ये फट पडते. वरून दिलेले पाणी त्या फटीतून खाली जाते किंवा काळी मातीच ते शोषून घेते, आणि आजूबाजूला ओल असतानाही गड्डीचा गाभा कोरडाच राहतो. यासाठी लावण्यापूर्वी गड्डी पाण्यात भिजवावी, तिच्या बाहेरची बोटभर माती हलक्या हाताने झाडून टाकावी आणि पिशवीत गोल फिरलेली मुळे सोडवावीत अथवा धारदार चाकूने दोन-तीन ठिकाणी उभी कापावीत. रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच लावावे. खोड जास्त पुरले तर काळ्या जमिनीत ते बुंध्याशी कुजते. अंतराचे सांगायचे तर कण्हेर आणि टिकोमा यांना ५ ते ६ फूट, जास्वंद आणि तगर यांना ४ ते ५ फूट, कुंपणासाठी कुंतीला २ फूट, आणि भिंतीपासून कोणतेही झुडूप किमान ३ फूट दूर ठेवावे.

पाणी, आच्छादन आणि पहिला उन्हाळा

ठिबक सिंचन केळीमुळे खानदेशात घरोघर परिचित झाले आहे आणि फुलझुडपांनाही तेच सर्वांत योग्य आहे, फक्त केळीचे वेळापत्रक त्यांना लावू नये. रोज थोडे थोडे पाणी दिले की मुळे वरच्या चार इंचांतच राहतात आणि वीज गेली किंवा बोअर आटला की चार दिवसांत झाड माना टाकते. तीन-साडेतीन फूट विस्ताराच्या झुडपाला एप्रिल-मेमध्ये दिवसाला सरासरी ५ लिटर पाणी लागेल असे धरून काळ्या जमिनीत ते तिसऱ्या दिवशी एकदम १५ लिटर द्यावे. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर असतील तर त्याला सुमारे दोन तास लागतात. मुरमाड जमिनीत तेवढेच पाणी एक दिवसाआड विभागून द्यावे. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पुरते. हे आकडे केवळ सुरुवातीसाठी आहेत. खुरप्याने वीतभर खोल माती काढून मुठीत दाबावी आणि तिचा गोळा होत असेल तर पाणी पुढे ढकलावे. दुपारी पाने मलूल दिसणे ही पाण्याची मागणी असतेच असे नाही. जास्वंद मेच्या दुपारी ओल असतानाही माना टाकते आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होते. सकाळीही पाने मलूल असतील तर मात्र पाणी द्यावे, आणि माती ओली असून सकाळी पाने मलूल असतील तर मुळे कुजल्याचा संशय घ्यावा.

ड्रिपर खोडाला टेकवून ठेवू नयेत. ते खोडापासून फूटभर दूर ठेवावेत आणि झाड वाढेल तसे बाहेर सरकवावेत. बोअरच्या जड पाण्यामुळे ड्रिपरभोवती पांढरा थर धरतो. तो खरवडून बाहेर टाकावा, आणि नळ्यांची शेवटची टोपणे महिन्यातून एकदा उघडून पाणी वाहू द्यावे.

आच्छादनासाठी केळीची वाळलेली पाने, उसाचे पाचट किंवा भुईमुगाची टरफले यांचा तीन-चार इंचांचा थर फेब्रुवारीअखेर घालावा, मात्र खोडाभोवती चार इंच जागा मोकळी सोडावी. आच्छादनामुळे जमिनीला भेगा पडत नाहीत, हा काळ्या जमिनीतील त्याचा सर्वांत मोठा लाभ आहे. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग मात्र बागेत आणू नये. त्यांवरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. उधईचा (वाळवीचा) उपद्रव असेल तर आच्छादनाखाली निंबोळी पेंड पसरावी.

नवीन झुडपाला पहिल्या उन्हाळ्यात आडोसा द्यावा. त्यासाठी पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा कुड किंवा ५० टक्के सावलीचे हिरवे नेट मार्चअखेर उभारावे. नेट झाडाच्या डोक्यावर घट्ट गुंडाळू नये, कारण आत हवा खेळली नाही तर पाने भाजतात.

छाटणी आणि ताण

कण्हेर, जास्वंद, टिकोमा आणि तगर यांना फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणीने त्यांचे नुकसान होत नाही. पण वेळ चुकली तर होते. चैत्र-वैशाखात छाटणी केली की आतापर्यंत पानांनी झाकलेली साल उघडी पडून करपते. त्यामुळे माघ महिन्यात वरचा एक तृतीयांश भाग काढून मुख्य छाटणी करावी आणि पाऊस स्थिर झाल्यावर केवळ आकारापुरती हलकी छाटणी करावी. कण्हेर छाटताना हातमोजे घालावेत आणि चीक डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी. जुनी, विरळ झालेली कण्हेर जमिनीपासून फूटभर राखून पूर्ण कापली तरी ती पुन्हा फुटते. अनंत आणि कुंती यांना इतकी कडक छाटणी देऊ नये.

ताण देणे, म्हणजे झाड बहरावे म्हणून त्याचे पाणी काही दिवस तोडणे, हे लिंबू आणि डाळिंब पिकवणाऱ्यांना सांगायला नको. बोगनवेलीलाही तोच न्याय लागतो. तिला रोज पाणी आणि भरपूर युरिया दिला तर ती पानांनीच भरते. मुळे धरल्यावर तिचे पाणी तोडावे, पाने किंचित सुकू लागली की एकदा भरपूर पाणी द्यावे, आणि पुन्हा थांबावे. मोगऱ्याचे पाणी जानेवारीत पंधरा-वीस दिवस बंद ठेवून झुडूप दीड फुटावर छाटावे, बुंध्याभोवतीची माती हलवून शेणखत घालावे आणि मग पाणी सुरू करावे. तो मार्चपासून बहरू लागतो. अनंत आणि एक्झोरा यांना ताण कधीही देऊ नये, कारण ते कळ्या गाळतात.

पिवळी पाने

कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या, असे लक्षण एक्झोरा, अनंत आणि जास्वंदीवर फार दिसते आणि त्यावर बहुतेक जण नत्राचे खत घालतात. नत्राची कमतरता असेल तर आधी जुनी, खालची पाने पिवळी पडतात. कोवळी पाने पिवळी पडणे ही लोहाची उणीव असते. जमिनीत लोह नसते असे नाही, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. याच कारणाने हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकून फारसा उपयोग होत नाही, कारण तेही थोड्याच दिवसांत अडकून पडते. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावे, आणि दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या कराव्यात. जमिनीतून द्यायचे असल्यास चिलेटेड, म्हणजे जमिनीत अडकू नये म्हणून सेंद्रिय संयुगात बांधलेले, लोह घ्यावे, परंतु पाकिटावर ईडीडीएचए असे लिहिलेले पाहूनच घ्यावे. ईडीटीए प्रकारचे लोह आपल्या विम्लधर्मी (अल्कधर्मी) जमिनीत टिकत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यामुळेही हीच लक्षणे दिसतात, तेव्हा फवारणीपूर्वी निचरा पाहावा.

कीड

जास्वंदीवर कापसासारखा पांढरा थर दिसला तर तो पिठ्या ढेकूण असतो. कपाशीवर येणारा पिठ्या ढेकूण आणि हा पुष्कळदा एकच असतो, आणि कपाशी निघाल्यावर तो जास्वंदीवर मुक्काम करतो. म्हणून शेताजवळच्या जास्वंदीकडे दिवाळीनंतर दर आठवड्याला पाहावे. सुरुवातीला लागण झालेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवावेत, खोडावरील मुंग्यांची रांग तोडावी आणि लिटरला ५ मिलि निंबोळी तेल थोड्या साबणासह संध्याकाळी फवारावे. थरात तांबूस-तपकिरी, कडक झालेले ढेकूण आढळले तर त्यांत मित्र परोपजीवी कीटकाची पिल्ले असतात. अशी फांदी कापू नये आणि तेथे औषध मारू नये.

कण्हेर आणि तगरीची पाने एका रात्रीत फस्त झाली असतील, तर फांदीखाली पडलेल्या जाड लेंड्या शोधाव्यात. वर बोटाएवढी हिरवी, डोळ्यासारखे निळसर ठिपके असलेली अळी सापडते. ती हाताने वेचून काढणे पुरेसे असते. कण्हेरीच्या शेंड्यांवरील पिवळा मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो.

नवी रोपे

आर्द्रा ते आश्लेषा या नक्षत्रांत कण्हेर, तगर, जास्वंद आणि बोगनवेल यांच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब काड्या वाळू आणि शेणखताच्या मिश्रणात सावलीत लावाव्यात. अनंत आणि एक्झोरा यांना गुटी बांधावी (फांदीची साल काढून तेथे ओले शेवाळ बांधून मुळे फोडावीत), मोगऱ्याला जमिनीलगतच्या फांदीचे दाब कलम करावे, आणि कुंती ताज्या लाल फळांतील बियांपासून करावी, कारण बिया जुन्या झाल्या की उगवत नाहीत. पावसाळ्यात फुटलेल्या काड्यांची मुळे दिवाळीपर्यंत पिशवी भरतात. पाणी आणि आडोसा दोन्हींची सोय असेल तर त्या तेव्हाच लावाव्यात, नाहीतर मोठ्या पिशवीत बदलून पुढच्या आर्द्रेपर्यंत पूर्वेच्या सावलीत सांभाळाव्यात.